न ढवळायचं पुडिंग

आमच्या दक्षिण इंडियानात दोन प्रकारची माणसं राहतात. पर्सिमन या रानफळाचं पुडिंग भाजताना ढवळणारी आणि न ढवळणारी. बाकीचेही भेद आहेत. कुणाचं चर्च वेगळं, कुणाचा पक्ष वेगळा, कुणाच्या ट्रॅक्टरचा रंग वेगळा. पण त्यांच्यावरून कुणी कुणाच्या घरी जेवायला जायचं थांबलेलं मी तरी पाहिलं नाही.

ढवळणारे दर पंधरा मिनिटांनी ओव्हन उघडतात आणि वर धरलेली खपली मोडून आत घालतात. त्यांचं पुडिंग काळंभोर, दाट आणि चमच्यानं खायचं. न ढवळणारे एकदा दार लावलं की मागे वळून बघत नाहीत. त्यांच्या वड्या पडतात. वड्यांच्या कडा थोड्या चिवट आणि मध्ये मऊ. आम्ही हॉबसन बहिणी न ढवळणाऱ्या. आमची आई तर ओव्हनचं दार लावून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची, म्हणजे कुणाला मोह व्हायला नको.

माझी थोरली बहीण लिओटा. सगळा जन्म शाळेची बस चालवली, लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, रोज चाळीस पोरं घरी पोचवते, अजून कशाला हवीत. मी नेल्डा, विधवा, तिच्याचकडे राहते. आमच्याकडे दर रविवारी चर्च सुटलं की डेल्बर्ट रिग्ज येतात, फाटकाची बिजागरी दुरुस्त करायला. दोन वर्षं झाली, बिजागरी अजून दुरुस्त होतेच आहे. तिला मुळात काही झालंच नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

डेल्बर्टची बायको आयोना जाऊन तीन वर्षं झाली. बाई गुणाची होती, मीही तिच्यासाठी रडले. पण ती ढवळणारी होती. साधीसुधी नव्हे, जत्रेतल्या स्पर्धेत ढवळणाऱ्यांचं नाव राखणारी.

ऑक्टोबरात डेल्बर्टनी फोनवर आपल्या मुलीला सांगितलं की या रविवारचं जेवण हॉबसनांकडे आहे. मुलगी रोशेल लुईव्हिलला असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. ती एवढंच म्हणाली, "मग मीही येते."

या वाक्यानं लिओटाची पार झोप उडवली. ती मला म्हणाली की पोरगी मला बघायला येते आहे. मी म्हटलं, बघू दे की, साठीला आलेली मुलगी आहे, घरकामात चांगली आहे, रंग निमगोरा. तिनं माझ्या अंगावर पोतेरं फेकलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "नेल्डा, त्या पोरीला पटलं नाही तर तो माणूस फाटकापर्यंतसुद्धा यायचा नाही. त्याला मी ओळखते. तो मुलीचं मन मोडणार नाही."

हे खरं होतं.

पेच पुडिंगाचा होता. ऑक्टोबरातलं रविवारचं जेवण पुडिंगाशिवाय होत नाही. आयोनासारखं ढवळून केलं तर मेलेल्या बाईची जागा बळकावल्यासारखं होईल. आपल्यासारखं केलं तर पोरगी म्हणेल, माझ्या आईची आठवणसुद्धा ठेवली नाही. लिओटा आठवडाभर दोन्ही बाजूंनी भांडत राहिली, आणि दोन्ही बाजू तीच. मी सुचवलं की सरळ ॲपल-पाय करू या. ती म्हणाली, तो तर घाबरल्याचा कबुलीजबाब झाला.

शेवटी शुक्रवारी ती बादली घेऊन झाडाखाली गेली आणि तिथंच ठरवून आली. जे मी खाते तेच वाढीन. नाही आवडलं तर नाही आवडलं.

पर्सिमन कधी तोडायचं नसतं. ते आपलं आपण पडेपर्यंत थांबायचं. घाई करून झाडावरचं एखादं तोंडात टाकलं तर जीभ तुरटीच्या खड्याला चिकटल्यासारखी होते आणि दिवसभर माणूस ओठांचा चंबू करून बोलतो. असं एकच कच्चं फळ सगळ्या घाण्याची वाट लावतं. म्हणून लिओटानं एकेक फळ दाबून पाहिलं. सुरकुतलेली, मधमाश्यांनाही आवडलेली, गवतात पडून फुटलेली फळं तेवढी घेतली. मग चाळणीवर चोळून गर काढला. त्यात ताक, ब्राऊन शुगर, दालचिनी, लोणी. स्वयंपाकघराला असा वास लागला की पोस्टमन दाराशी उगीच हवामानावर बोलत उभा राहिला.

रविवारी डेल्बर्ट लवकर आले. केस पाण्यानं चापून बसवलेले, जणू त्यांनाच कुणी बघायला येणार होतं. लिओटानं पुडिंगाचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि शेगडीवर कोंबडीच्या रश्श्यात नूडल्स सोडल्या. एवढ्यात रस्त्यावर गाडी वळली. लिओटानं एप्रन काढायला घेतला, गाठ सुटेना, मी सोडवली. तिनं हातातला लाकडी चमचा डेल्बर्टच्या हातात दिला. "जरा ढवळत राहा, खाली लागायला नको," म्हणाली आणि आम्ही दोघी बाहेर गेलो.

रोशेल आयोनाच्याच वळणाची निघाली होती, तशीच हनुवटी पुढे काढून चालणारी. तिनं लिओटाकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली. "मिस लिओटा, तुम्ही मला एकदा अख्खं वर्ष पहिल्या बाकावर बसवलं होतं."

"तू बसच्या खिडकीतून मफलर सोडत होतीस," लिओटा म्हणाली.

"दुसऱ्याचे," रोशेल म्हणाली. हसली नाही. मग दोघी झाड बघायला गेल्या. यंदा फळ किती आलं, हरणांनी किती खाल्लं, असं बोलणं झालं. मी मध्येमध्ये हसत होते, कारण कुणीतरी हसायला हवं होतं.

आत येऊन लिओटानं वेळ झाल्यावर ओव्हन उघडला आणि तशीच वाकून राहिली. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. ट्रेच्या कडेनं आपली नेहमीची वडी धरली होती. मध्ये मात्र सगळा चिखल. खपली मोडून आत घातलेली. कुणीतरी ढवळलं होतं, आणि ते कुणी हे विचारायला नको होतं.

लिओटानं ट्रे ओट्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती हळू म्हणाली, "त्याला तिचंच हवं होतं गं. तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, फेकून देऊ, डब्यातले पीच आहेत. ती म्हणाली की नाही, केलंय ते वाढायचं.

जेवण बिचारं छान झालं होतं. बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स, त्यावर रस्सा. डेल्बर्टनी दोनदा वाढून घेतलं आणि चेहऱ्यावर पापाचा लवलेश नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. माणसानं निदान कावरंबावरं तरी व्हावं. लिओटा त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिनं पुडिंग बशांमध्ये घातलं. वडीही नाही आणि खीरही नाही, जे होतं ते.

रोशेलनं एक घास खाल्ला. दुसऱ्या घासाला थांबली. चमच्यानं काहीतरी बाजूला काढलं, उचलून उजेडात धरलं.

नूडल होती. चांगली बोटभर लांब, दालचिनीच्या रंगाची.

रोशेल वडिलांकडे वळली. "डॅडी, पुडिंग कुणी ढवळलं?"

"मी नूडल्स ढवळल्या," डेल्बर्ट म्हणाले. "लिओटानं सांगितलं होतं."

"ते दिसतंच आहे. त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही. चमचा हातात होता, घड्याळात बघितलं..." आणि ते थांबले. आपल्या उजव्या हाताकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा कुत्रा आहे आणि परवानगीशिवाय आत आला आहे. मग मानेपासून कानापर्यंत लाल झाले. "अरे देवा," एवढंच म्हणाले. "लिओटा, मी खरंच नाही हो. म्हणजे मीच, पण मी नाही."

लिओटानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

रोशेल नूडल बशीच्या काठावर ठेवत होती. फार काळजीपूर्वक ठेवत होती. ती म्हणाली की तिच्या लहानपणापासून घरात हेच काम डॅडींचं होतं. आईनं त्यांना दुसऱ्या कशालाही हात लावू दिला नाही. पंधरा मिनिटं झाली की ते बोलता बोलता उठायचे, ढवळायचे आणि तेच वाक्य पुढे चालू करायचे. आई गेल्यावर त्यांनी ओव्हन कधी उघडला नाही. डब्यातलं सूप गरम करून खातात आणि तिला फोनवर सांगतात की रोस्ट खाल्लं.

"खोटं बोलता तुम्ही, डॅडी, मला कळतं," ती म्हणाली. मग लिओटाकडे वळली. "मिस लिओटा, हा माणूस माझ्या घरी पाणी प्यायचं असलं तर विचारतो, ग्लास घेऊ का म्हणून. पोटच्या पोरीच्या घरी. तीन वर्षं. आणि इथं त्यांनी तुमचा ओव्हन उघडला, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही."

मला हसूही येत होतं आणि ते दुसरंही, म्हणून मी कॉफी आणायला उठले आणि दारातच उभी राहिले.

लिओटा टेबलक्लॉथवरचा एक कण बोटानं गोळा करत होती. आता ती जे म्हणेल ते रडवेलं असणार, असं मी धरून चालले होते. पण बस चालवलेली बाई आहे.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "या घरात पुडिंग ढवळत नाहीत."

"नाही," ते म्हणाले.

"मला तुमच्या आयोनासारखं करता यायचं नाही. करायचंही नाही. तिचं होतं ते चांगलं होतं, मी खाल्लंय. माझं हे असं असतं. म्हणजे असं नाही, पण असतं."

"मला वडी आवडते," डेल्बर्ट म्हणाले. "दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय."

"वा. बिजागरीसारखंच," मी दारातून म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सगळे रोशेलकडे बघत होते. ती आपल्या बशीत कडेचा चिवट भाग शोधत होती. सापडला. खाल्ला. अजून एक तुकडा वाढून घेतला, हात लांब करून, न विचारता. तो खात खातच म्हणाली की थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती दुपारी पोचेल, आणि साखर-सायीचा पाय ती करून आणेल.

"पुडिंग तुम्ही करा, मिस लिओटा. तुमच्या पद्धतीनं," ती म्हणाली. "ते ओव्हनमध्ये असेपर्यंत डॅडींना बाहेरच्या खोलीत मी धरून बसेन. पहिल्या बाकावर."