तीन पुड्यांतली एकच गोळी

नवरात्राचे उपास आणि सोयाबीनची सोंगणी एकाच वेळी आली. प्रयागबाईनं दोन्हींतलं काहीच सोडलं नाही. अंग ठणकलं, ताप भरला, तेव्हा तिनं गावातल्या देवानंदच्या औषधाच्या दुकानातून तीन पुड्या आणल्या. तापाची, अंगदुखीची, सर्दीची. दिवसातून चार-चार वेळा. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले.

लेक मंजुषा अकोल्याच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं मायला तिथंच भरती केलं. रक्ताचे रिपोर्ट आले तशी डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, "पॅरासिटामॉल किती घेतलं?"

मंजुषानं पुड्या उलगडल्या. तिन्हींत तेच होतं.

पाच दिवस सलाईनमधून उतारा चालला. सहाव्या दिवशी रिपोर्ट खाली येऊ लागले. मायजवळ भाऊ बसला आणि मंजुषा मंगरूळपीरची बस धरून गावी, थेट देवानंदच्या दुकानात पोचली. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती.

"तीन पुड्यांत एकच दवा काहून देली?"

"वेगवेगळ्या कंपनीच्या गोळ्या हायेत त्या," देवानंद म्हणाला. "अन् तुह्या मायनं उपास केला, त्यात माहा काय दोष?"

मंजुषानं काउंटरवर हात आपटला. "उपाशी हाय म्हणून तुले सांगतलं होतं ना तिनं? मंग आयक. या गोळीचा थोडा भाग लिवरमंदी जाऊन जहर बनते. ग्लुटाथायोन नावाची चीज ते जहर धरते, एन्झाइम तिले मदत करतात, अन् ते अंगाबाहेर जाते. रोजच असं होते, म्हणून दोन गोळ्यांनं काही होत नाही. पण माणूस उपाशी असला का ग्लुटाथायोन कमी पडते. वरून तू तिप्पट डोस देला! मंग ते जहर लिवरच्या पेशीच जाळते. माही माय मरत होती, देवानंद!"

गिऱ्हाईकांतली गोजराबाई बाजूला उभी होती, तिच्या हातात दोन पुड्या होत्या. मंजुषानं त्या घेतल्या, पाहिल्या आणि तिच्यासमोर धरल्या. "मावशी, या दोन्ही एकच हायेत."

गोजराबाईनं पुड्या काउंटरवर फेकल्या. "माहे पैसे वापस दे." मागून आणखी एक बाई पुढं सरकली.

मंजुषानं त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. दुकान आठ दिवस बंद राहिलं आणि परत उघडलं. तिनं दुसरी तक्रार दिली.

प्रयागबाई घरी आली तेव्हा बारीक आवाजात म्हणाली, "कायले भांडली व? गावातलाच पोरगा हाये तो."

मंजुषाचा राग पुन्हा उसळला. "गावातलाच हाय म्हणून तर जास्त भांडली! अन् तू, पोटात अन्न नसतानी कोणतीबी गोळी खाल्ली तर पाह्य!"

प्रयागबाईनं मान खाली घातली आणि ताटातला भात कालवायला घेतला.