ओसरीखाली ओतलेलं तीर्थ

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं! आमच्या करजगी गावात सरकारतर्फे पाणी तपासायला आलात, नळाच्या पाण्याची बाटली भरून नेलीत आणि नंतर आमच्या अव्वाला, म्हंजे आईला, सांगितलंत, "पाणी चांगलंय. पोरगी जपून राहत नसेल." माझी बहीण श्रीदेवी, तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेलाबी ती माहेरीच आली होती.

आमचा धाकटा भाऊ महांतेश बेंगळूरला पाणी तपासायचं संशोधन करतो. फोनवर म्हणाला, "अण्णा, काचेवर सोन्याचा पातळ थर आन त्याला भोकं. केसाच्या हजाराव्या भागाएवढी. उजेड त्यातनं पार जाईना, तोंडाशीच अडकून बसतो. पाण्यात आम्ही एक रंग घालतो. गावाजवळच्या कारखान्याच्या विषारी औषधाला चिकटला तरच तो चमकतो. औषधाचा एक कण भोकात पडला की झालं, काजव्यागत दिसतो."

"आन आमची म्हैस पडली तर?"

"चेष्टा नको. नळाचं पाणी पाठव. तुलनेला घरातलं सगळ्यात चोख पाणीबी पाठव."

चोख पाणी अव्वानं भरलं. लिंगपूजेचं तीर्थ! नळाला साऱ्या गावाचा हात लागतो म्हणून पूजेचं पाणी ती कारखान्यामागच्या आमच्या जुन्या विहिरीतून आणते. तीर्थ सगळ्यांना पळीभर. श्रीदेवी पोटुशी, म्हणून तिला वाटीभर.

सकाळी पूजा आटपली आणि फोन वाजला.

"अण्णा, नळाच्या पाण्यात नुसता अंधार. काही न्हाई."

"मग बरं झालं की!"

"ते चोख पाणी कुठलं? सगळी भोकं पेटल्यात!"

श्रीदेवीनं वाटी तोंडाला लावली होती. मी हाणून उडवली.

"तीर्थ हाय ते, मुडद्या!" अव्वा ओरडली. मी सांगितलं तशी श्रीदेवीचं तोंड पदरानं पुसायला लागली. "मीच पाजलं की गं..."

श्रीदेवी पोटावर हात दाबून विचारायलीय, "हलायलंय न्हवं? अव्वा, हलायलंय न्हवं?"

तवा तुम्ही आठवलात, साहेब. अव्वानं तुमच्याबी तळहातावर तीर्थ घातलं होतं. तुम्ही विचारलंत, "कुठलं पाणी?" ती म्हणाली, "कारखान्यामागच्या विहिरीचं." तुमचा हात तोंडापाशी थांबला. तीर्थ गुपचूप ओसरीखाली ओतलंत, जीपपर्यंत रुमालाला हात पुसत गेलात. मला वाटलं, शहरातला माणूस, देवधर्म मानत नसेल. विहिरीकडं मात्र फिरकला न्हाईत.

आमच्या भावाला सोन्याची भोकं लागली. तुम्हाला विहिरीचं नाव पुरलं.

साहेब, तीर्थ कामून ओतलंत? बोला!