आठांतला एक

नव्या मशीनच्या प्रोसेसरमध्ये कोर होते आठ आणि राबत होता एकटाच. बाकीचे सात आयते बसून खात होते, अगदी आमच्या दादासारखे.

विमानातून काढलेले फोटो जोडून नकाशे करायचा आमचा धंदा. गिऱ्हाइकं दादा बघतो, मशीन मी. मी पाठीच्या दुखण्याने दोन महिने घरी होते, तेवढ्यात त्याने नवं मशीन आणून स्वतःच उभं केलं. जुन्यावर एका नकाशाला तीन तास लागायचे, नव्यावरही तीनच. त्याचं खापर माझ्यावर. म्हणे, मी घालून दिलेली पद्धतच भिकार. आज संध्याकाळपर्यंत वेग आला नाही तर मशीनची खोली बाहेरच्या कंपनीकडे आणि मी काउंटरवर. हे त्याने वहिनीसमोर सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दार लावून बसले. सिस्टिमला विचारलं, कोर किती? उत्तर आलं, एक.

कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. तो बांधताना त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं, हे एका लांबलचक फाइलीत लिहिलेलं असतं. ती उघडली. एकाहून जास्त कोर वापरायची सोय चक्क बंद. या शहाण्याने जुन्या मशीनची फाइल जशीच्या तशी उचलली होती. मला आनंदच झाला. आता वहिनीसमोरच त्याची बिनपाण्याने करायची, असं ठरवून टाकलं.

मग वरच्या ओळींकडे लक्ष गेलं. 'दादा, दुसरा कोर चालू केला की हे मशीन गोठतं. तुला यातलं ओ की ठो कळत नाही. कर्नल बांधायची वेळ आलीच तर हीच फाइल घे. एक अक्षर बदललंस तर याद राख.' तारीख आठ वर्षांपूर्वीची, शब्द माझे.

जन्मात त्याने माझं एकदाच ऐकलं, तेही हे.

मी त्या ओळी पुसल्या. सोय चालू केली, कर्नल नव्याने बांधला, मशीन बंद करून सुरू केलं. कोर आठ. नकाशा पंचवीस मिनिटांत तयार झाला. दादा दारात आला, मागे वहिनी. काय चुकलं होतं, त्याने विचारलं.

"तू न बघता जुनी फाइल उचललीस," मी म्हणाले.

वहिनीने त्याच्याकडे जसं बघायला हवं होतं तसंच बघितलं. तो काउंटरकडे गेला आणि खणातून एक कागद घेऊन आला. त्या फाइलीचं छापून ठेवलेलं पान, घड्यांवर फाटलेलं. 'एक अक्षर' या शब्दांखाली लाल रेघ. आता हा वहिनीला दाखवणार, मला वाटलं. त्याने तो उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

"आता काय पाळायचं ते मागे लिहून दे," तो म्हणाला. "खोली तुझीच."

त्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.