पितळी गुंडाचं स्टँड

आमच्या बुढ्याच्या, म्हंजे माह्या नवऱ्याच्या, हाताले सुख नाही. देवाजी नाव आहे, पन देवासारखा एका जागी बसन तं शपथ. मांगच्या साली उंदराचा पिंजरा बनवला, त्यात आमचीच मांजर अडकली. त्याच्या आधी धानावरचे पाखरं उडवाले टेबल-फॅनच्या पात्यायची फिरकी केली, तं पाखरं तिच्यावरच बसून झुलत. गावात कोनाचं काही मोडलं का लोक म्हनतात, देवाजीकडे नेऊ नोका, आहे तेवढं तरी राहू द्या. अन् हा मानूस ते मलेच हासत हासत येऊन सांगते. मंग रागवाव तरी कसं?

पन औंदा त्यानं जे बनवलं, त्याची गोठ वेगळी आहे.

दिवाळीच्या तोंडावर वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून माहा पाय घसरला अन् घोटा मोडला. तुमसरच्या डॉक्टरनं गुडघ्यापर्यंत प्लास्टर केलं अन् सांगतलं का हलाचं नाही. धान कापनीले आलेला अन् मी छपरीत खाटेवर, तोंड तेवढं चालू. खाट छपरीतच काहून, तं आंबागडच्या डोंगरापायी आमच्या घरात फोनची रेंज तिथंच येते. त्याच खाटेवर बसल्या बसल्या पुन्याहून माह्या भावाचा, भूपेंद्रचा फोन आला का पोरगी झाली.

भूपेंद्र माह्यापेक्षा लय लहान. आई गेली तवा त्याचं लग्न बी झालं नव्हतं, मीच त्याले उभं केलं. लग्न झाल्यावर त्याच्या घरी पाळना हालाले किती दवाखाने अन् किती नवस झाले, ते मले माहीत अन् त्याच्या बायकोले, तृप्तीले माहीत. पोरगी झाली हे ऐकलं अन् मी पदर तोंडाले लावून रडली. बारशाले जाची हिंमत होती, पन पाय नव्हता. अन् आत्या नाही तं बारसं कायचं? लेकराच्या कानात नाव सांगाचा मान आत्याचा. भूपेंद्र म्हने, "ताई, तू फोनवरून सांग. अन् नाव बी तूच ठेव, आम्ही काही ठरवून नाही राहिलो."

आता फोनची गत ऐका. घरात एकच फोन, अन् त्याची चार्जिंगची जागा ढिली. वायर जराशी वर उचलून, फोन जरासा मांगं टेकवून, श्वास धरून बसलं का चार्ज होते, हात हालला का बंद. बॅटरी बी म्हातारी, वायर निघाली का चहा उकळेपर्यंत बी टिकत नाही. तुमसरचा दुकानवाला म्हने का ठेवून जा, नागपूरहून सामान आलं का करून देतो. बारसं तं बुधवारी. फोन तिकडंच पडून राह्यला असता तं माहं काय झालं असतं?

एकदा करून पाहू म्हनून भूपेंद्रनं व्हिडिओ कॉल लावला. मी एका हातानं फोन धरला, एका हातानं वायर. पोरगी दिसली. इवलंसं नाक, मुठी आवळलेल्या. तिनं जांभई देल्ली, मी हासली, हात हालला अन् फोन बंद. मांगून भूपेंद्रनं भोळेपनानं मले सांगतलं का तृप्तीची बहीन राखी म्हनत होती, कॉल नाही लागला तं मी सांगते कानात, मावशी काही परकी नाही. राखी चांगली पोट्टी आहे, वाईट मनानं नाही बोलली. पन माह्या आंगाची लाही लाही झाली. मी जित्ती असताना मावशी नाव सांगन?

शेजारचा नत्थू आपला नवा फोन द्याले तयार झाला. मी नाही म्हनलं. नत्थूची धान चुराची, मळनीची मशीन आहे, अन् सीझनमध्ये त्याच्या फोनले दम नसते. माह्या भाचीच्या कानात मी नाव सांगून राहिली अन् मधातच कोनी मशीन मांगाले आला तं?

तवा बुढा म्हने, मी स्टँड बनवतो. फोन त्याच्यात बसन, वायर दाबून राहीन, तुहे दोन्ही हात मोकळे. मले लगेच पिंजऱ्यातली मांजर आठवली.

पयले त्यानं बांबूच्या कमच्यायचं केलं. फोन बसे, पन घडीभरात कमची ढिली पडे अन् फोन पाया पडल्यासारखा तोंडावर पडे. मंग जुन्या कूलरचा पत्रा कापला. तो एकदा वाकला का वाकलेलाच, वायरीले दाबून धरेना, वरून बुढ्याचं बोट कापलं. मी हळद लावून देत होती अन् बोलत होती. म्हनलं, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशी तुमची कारागिरी. बुढा म्हने, चूक समजली, धातू असा पाहिजे का दाबला तं परत वर आला पाहिजे, पातळ पन जिद्दी. अन् माह्याकडं पाहून म्हने, आहे घरात तसं. मले वाटलं माह्यावरच बोलून राहिला.

इकडं मले नाव सापडेना. भूपेंद्रनं फोनवर नावायचा ढीग पाठवला होता. एकेक नाव तोंडात घोळून पाह्यलं. अर्धे जिभेले चिकटत, अर्धे औषधाच्या शिशीवरचे वाटत. बुढ्याले इचारलं तं त्यानं लक्ष्मी सांगतलं. आमच्या गाईचं नाव लक्ष्मी. नत्थूच्या बायकोले इचारलं तं तिनं आपल्याच नातनीचं सांगतलं. मान घेऊन बसली होती मी, अन् ओंजळीत काहीच नव्हतं. राखीले द्याचं नाही हे पक्कं, पन सांगाचं काय हे नाही ठाऊक.

मंगळवारी गाईच्या कोठ्यातून ठोकाचा आवाज आला अन् तो पत्र्याचा नव्हता. पितळेवर हातोडी पडली का नाद घुमते, जराक वेळ हवेत राहते. भंडाऱ्याकडच्या बाईले हे सांगाव लागत नाही, आमच्या इकडं पोरीच्या आंदनात पितळ नसन तं लग्न झाल्यासारखं वाटत नाही. मी खाटेवरून आवाज देल्ला का काय ठोकून राहिले जी. म्हने, काही नाही, भंगार आहे. माह्या घरात पितळेचं भंगार कुठून आलं, हे काही मले उमजेना.

बुधवारी सकाळी मी नवं लुगडं नेसली, केस विंचरले, खाटेवर ताठ बसली. समोर टेबलावर आरतीचं ताट. बुढा दुपट्ट्याखाली काहीतरी झाकून आला, टेबलावर ठेवलं अन् दुपट्टा काढला.

पितळेचं स्टँड होतं. खरं सांगते, सुरेख होतं. मांगं टेका, खाली फोन ठेवाले वाकवलेली पट्टी, पट्टीच्या मधात खाच, अन् त्या खाचेत पातळ पितळेची जीभ, वायरीले खालून दाबून धरनारी. फोन टेकते तिथं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावलेले. चिंचेनं घासून झकझक केलं होतं. पन हे सारं मी मंग पाह्यलं. तवा मी पितळ पाह्यलं. तो माह्या आईचा गुंड होता.

माह्या लग्नात आईनं देल्लेला, हंड्यासारखा पान्याचा गुंड. तिनं सोता भंडाऱ्याले जाऊन, वाजवून वाजवून निवडला होता. गळ्यावर नाव घातलं होतं, जसं आपल्याकडं भांड्यावर घालतात: 'मनकर्णाबाई कडून चि. सुशीला हिस'. बूड झिजून गळाले लागला तवा मी तो कोठ्याच्या माळ्यावर ठेवला. डाग लावून आना, डाग लावून आना म्हनून किती वर्षं मी बुढ्याच्या मांगं लागली. अन् यानं काय लावली? कैची.

माहं डोकं असं फिरलं का काय काय बोलली ते इथं सांगत नाही. कोठ्यातल्या लक्ष्मीनं बी कान टवकारले असतीन. आई तं गेलीच, तिची एक वस्तू होती, ते बी तुमच्या हाताले पाहावली नाही, इथपर्यंत बोलली. शेवटी म्हनलं, मले नाही कराचं बारसं, सांगू द्या राखीले, अन् भिंतीकडं तोंड केलं. पाय प्लास्टरात असला का मानसाले धड रुसता बी येत नाही, मान तेवढी वळते.

तेवढ्यात फोन वाजाले लागला. बुढ्यानं तो स्टँडमध्ये ठेवला, वायर खाचेत बसवली. चार्जिंग लागल्याचा बारीक आवाज झाला. मंग तो हळूच म्हने, "सुशीले, गुंडात पानी राहात नव्हतं वो. तुह्या आईचं नाव तेवढं राह्यलं होतं. त्याच्यावर कैची नाही चालवली मी. पाह्य तं खरं."

मी मान वळवली.

स्क्रीनवर पोरगी होती. पिवळं झबलं, डोक्याले टोपडं, डोळे टकटक उघडे. अन् फोन ज्या पट्टीवर टेकला होता, त्या पट्टीवर आईचं नाव. चिंचेनं घासून अक्षर न् अक्षर उजळलं होतं. आईले भूपेंद्रचं लेकरू पाहाचं होतं, शेवटच्या दुखन्यात बी तेच बोले. ते राहून गेलं, याची सल माह्या मनात कायमची होती. अन् आता ते लेकरू तिच्या नावावर येऊन बसलं होतं.

तिकडून राखीनंच इचारलं का आत्याबाई तयार आहे का. मी डोळे पुसले, हो म्हनलं. पोरीले पाळन्याच्या वरून खालून फिरवलं, पाळन्यात टाकलं, अन् भूपेंद्रनं आपला फोन तिच्या कानाजवळ नेला. आता स्क्रीनवर एक इवलासा कान दिसे, अन् खाली आईचं नाव. दुसरं काहीच नाही. मी दोन्ही हातायचा आडोसा केला अन् वाकली.

"कुर्रर्र. मनकर्णा."

तिकडं सारं चिडीचूप. मले वाटलं फोन बंद पडला. पाह्यलं तं चार्जिंगची हिरवी निशानी जागच्या जागी होती. भूपेंद्र दिसला, तोंड फिरवून चष्मा पुसत होता. तवा मले भेव वाटलं. इतलं जुनं नाव, पुन्याची पोरगी, शाळेत पोरं हासतीन. अन् आमच्याकडं सुना सासूचं नाव तोंडातून काढत नाही, तृप्तीनं लेकीले हाक कशी माराव? नाव तूच ठेव म्हनलं म्हनून काय काहीही ठेवाव?

तृप्ती पाळन्यावर वाकली, मंग फोनमध्ये तोंड घालून म्हने, "ताई, सासूबाईंची अन् माझी भेटच झाली नाही. कोणी रागवायलाही नव्हतं. आता मीच त्यांना रोज रागवीन. मनू, दूध पी. मनू, झोप आता." अन् खरंच तिनं पोरीकडं बोट दाखवून डोळे वटारले. तिकडच्या साऱ्या बाया हासल्या, भूपेंद्र रडता रडता हासला, मी बी हासली. हासून हासून माही खाट हालली, टेबल हाललं, पन स्टँडमधला फोन काही हालला नाही.

नाव सांगतलं का आत्याच्या पाठीत धपाटे घालाची रीत आहे. राखी तिकडून म्हने, इथं आम्ही कोनाले माराव, तिकडं आहे का कोनी. बुढा मांगं उभाच होता. घातला त्यानं धपाटा, अन् सकाळचं सारं त्यात वसूल करून घेतलं. मी पाठ चोळली. म्हनलं, रीत आहे.

दुपारी नत्थू पेढा खाले आला, स्टँड उलटंपालटं करून पाह्यलं अन् म्हने, देवाजी, माह्यासाठी बी बनव. गावात पयल्यांदा कोनी बुढ्याले काही बनवाले सांगतलं. बुढ्याची छाती अशी फुगली का मले वाटलं, आता जेवन बी नाही मांगन.

जेवन झाल्यावर तो कोठ्यातून उरलेला गुंड घेऊन आला अन् खाटेजवळ उभा राह्यला. एका हातात गुंड, दुसऱ्या हातातली कैची पाठीमांगं लपवलेली. म्हने, पितळ पुष्कळ उरलं आहे, मनूसाठी खुळखुळा होईन, पन आता बिगर इचारता कापत नाही.

मी गुंड मांडीवर घेतला. उरलेल्या गळ्यावर 'चि. सुशीला हिस' तेवढं शिल्लक होतं. त्याच्यावरून बोट फिरवलं. मंग गुंड त्याच्या हातात परत देल्ला.

"कापा," म्हनलं. "पन माहं नाव वरच्या बाजूले येऊ द्या."