वाळूवरची झोप

"अल्बन होऽऽ! दिसलास रे, दिसलास!"

आई अंगणाच्या कडेला उभी राहून हाक घालायची. ती हाक उतारावरून घरंगळत खाली पॅराडाइज किनाऱ्याच्या वाळूवर पडायची, तिथून पाण्यावर. मी तिच्या परकराला धरून उभी असायची, सहा-सात वर्षांची. मग समुद्रातून शंख वाजायचा, मोठा समुद्री शंख. माझा भाऊ होडीच्या टोकाशी उभा राहून फुंकायचा. शंख ऐकला की आई वळून चुलीकडे जायची आणि चालता चालता गुणगुणायची:

सँडीच्या वाळूबाई, ऊन तुझं आवर,
लेक माझा निजला गं, पायाशी सावली धर.
ला रोशच्या लाटेबाई, हळूहळू ये पुढं,
जाग नको आणू त्याला, लाटांत झोप गं दडं.

कुठे वाळू, कुठे लाट, सगळ्या किनाऱ्यांना ती शेजारणींसारखी कामं वाटून द्यायची. माझ्या नावाचा किनारा त्यात कुठे नव्हता. मी घरातच होते ना.

अल्बन एकोणिसाव्या वर्षी विलायतेत हडर्सफील्डला लोकरीच्या गिरणीत गेला. मधे एकदा येऊन गेला, तेवढंच. आईचं अंग एका बाजूने लुळं पडलं तेव्हापासून अकरा वर्षं मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. तीन वर्षांपूर्वी ती गेली. अल्बन मातीलाही आला नाही.

आता आला होता, दगडासाठी. आमच्या कारियाकू बेटावर माणूस पुरलं म्हणजे संपत नाही. थडग्याचा दगड घडवायचा, पांढऱ्या चादरीखाली घरात ठेवायचा आणि सगळं गणगोत जमलं की जेवण घालून तो बसवायचा. बसवताना थोरल्या लेकाने दगडावर पाणी ओतून आईला नावाने हाक मारायची. तिने ते पाणी घेतलं, की ती निवली. नाही घेतलं, तर घराभोवती फिरत राहते. दगड आमच्या पुढच्या खोलीत तयार होता. जेवण उद्याचं. अंगणात बायका मका कुटत होत्या.

आणि सकाळी अल्बन म्हणाला, "उद्या पाणी तू ओत, इझ्मे."

"मी का? थोरला तू."

"ती माझ्या स्वप्नात येत नाही." चहाच्या कपात बघत तो बोलत होता. "मेलेलं माणूस ज्याच्यावर माया करतं त्याच्याकडे येतं, काहीतरी मागतं. मावशीकडे आली, डाळ मागितली. त्या ग्लॅडविनकडेसुद्धा आली म्हणे! माझ्याकडे तीन वर्षांत एकदाही नाही. रागावलीय ती. मी ओतलेलं पाणी ती घ्यायची नाही."

मला बोलण्यासारखं होतं, तरी बोलले नाही.

"तिकडे गिरणीच्या गावात तिला वाट सापडली नसेल," तो पुढे म्हणाला. "आजचा दिवस आहे हातात. तिच्या गाण्यातल्या जागांवर जाऊन झोपतो. तिथे तरी येईल."

म्हणून आम्ही ग्लॅडविनच्या होडीत बसलो. ग्लॅडविन शेजारच्या घरातला, चाळिशीचा, पाहुण्यांना किनारे दाखवतो. त्याचं तोंड इंजिनापेक्षा जास्त चालतं. मला तो टॅन्टी म्हणतो, मावशी म्हणावं तसं.

"टॅन्टी, लोक माझ्या होडीत पोहायला येतात, मासे बघायला येतात. घोरायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक."

"तू होडी बघ," मी म्हटलं.

"बघतोच आहे. अंकल, उशी आणलीत का?"

सँडी आयलंड म्हणजे समुद्राने तळहातावर धरलेली मूठभर वाळू. चार माड, दोन पेलिकन आणि इतकं निळं पाणी की डोळे मिटले तरी पापणीच्या आत निळंच दिसतं. अल्बन माडाखाली आडवा झाला. मी त्याच्या पायांवर टॉवेल टाकला. मग लक्षात आलं, गाण्यातलं काम मीच करतेय, आणि मला माझाच राग आला.

अर्ध्या तासाने तो उठला.

"आली का?" ग्लॅडविनने विचारलं.

"तिकडची बस दिसली. तीनशे चौसष्ट नंबरची. थांबली नाही."

ग्लॅडविन हसून हसून वाळूत बसला. अल्बनही हसला, पण टॉवेलची घडी घालून आधी होडीत जाऊन बसला.

आन्स ला रोशला डोंगर थेट पाण्यात उतरतो. होडीशिवाय आलं तर पायवाटेने शेळ्यांच्या मागे मागे यावं लागतं. वाळूत कासविणीच्या पावलांची नांगरट होती, रात्री येऊन अंडी घालून गेलेली. लाट खरंच हळूहळू येत होती. अल्बन एका झाडाच्या गर्द सावलीकडे निघाला तसा ग्लॅडविन ओरडला, "अहो अंकल! ते मँचनील! त्याचा चीक कातडी सोलून काढतो. गिरणीत एवढंही विसरलात?"

"विसरलो," अल्बन म्हणाला. आमच्याकडे चालायला लागलेलं मूलही त्या झाडापासून लांब राहतं. तो तिथेच उभा राहिला, हातात चपला घेऊन, जणू कोणी त्याला त्याच्या घरातून उठवलं होतं.

मग दुसऱ्या सावलीत झोपला. मी शेजारी बसले. झोपेत त्याचे ओठ हलत होते. साठीचा माणूस, पण झोपला की कपाळावर अजून तीच पोरवयातली आठी. मलाही डुलकी लागली. लाट म्हणत होती, दडं, दडं. मला आई दिसेल अशी भीती वाटली आणि मी डोळे उघडले.

अल्बन जागा होता.

"मुकादम आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, धागा तुटलाय." "इझ्मे, तिच्या मातीसाठी मी निघालो होतो. तिकीट काढलं, विमानतळावर गेलो, बॅग दिली. आणि वाटलं, मी पोचेपर्यंत ती घरात आहे, खुर्चीत बसलीय, तू तिचे केस विंचरतेयस. मी पोचलो की ती मेलेली असणार. मी मागे फिरलो. बॅग तेवढी पुढे आली."

ती बॅग आम्हाला मिळाली होती. तिच्यात आईसाठी लोकरीची शाल होती. मी ती कधीच उलगडली नाही.

ग्लॅडविनने होडी परत फिरवली. होडीच्या बाजूने उडणमासे निघायचे, चमकायचे, परत पाण्यात शिरायचे. आमचा डोंगर जवळ येत गेला. अंगणातून मका कुटल्याचा आवाज पाण्यावरून येत होता, कोणाचं तरी काळीज मोठ्याने चालावं तसा.

पॅराडाइजला उतरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. हा शेवटचा किनारा, आमच्याच घराखालचा. आईची हाक पहिल्यांदा पडायची ती इथेच. अल्बन वाळूत आडवा झाला, गाल टेकवून, कान जमिनीला लावून. आभाळ गुलाबी झालं, मग समुद्र गुलाबी झाला, मग त्याचे पांढरे केससुद्धा.

तो उठून बसला आणि बोटांनी वाळू गाळत राहिला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "या वेळी बससुद्धा नाही. झालं तर मग. उद्या तूच ओत. मी मागे उभा राहीन. माझा हात लागला तर ती तशीच तहानलेली राहील, आणि ते पाप मला नको."

तहानलेली. त्याने नेमका तोच शब्द उच्चारला.

ग्लॅडविन होडी ओढत वर गेला होता. वाळूवर आम्ही दोघंच. अकरा वर्षं मी जिची कूस बदलली ती मेल्यावर कोणाकडे आली आणि कोणासाठी आली, हे मी तीन वर्षं दातांखाली धरून बसले होते. उद्या पाणी मी ओतलं असतं, सगळ्यांनी मान डोलावली असती, माझं नाव झालं असतं. आणि ती घराभोवती फिरत राहिली असती.

"अल्बन," मी म्हटलं, "ती रागावलेली नाही. ती माझ्याकडे आली होती. तिची माती झाल्यावर सातव्या दिवशी, पहाटे, स्वप्नात. होडीच्या टोकाशी बसली होती, परकर ओला. म्हणाली, इझ्मे, तहानलेली आहे मी, घसा सुकलाय. मी धावत भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणलं. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, तुझ्या हातचं पोटभर प्याले गं, बाई. मला अल्बनच्या हातचं पाहिजे. त्याला सांग. मी सांगितलं नाही. सकाळी मीच दारात पाणी ओतलं, म्हटलं मेलेल्याला काय कळतंय हात कोणाचा. ती परत आली, अल्बन. तीनदा आली. मी तुला सांगितलं नाही."