काळी तीन अडकली त्या दिवशी

मी एक जुनी पेटी आहे. जुनी म्हणाले, मोडकी म्हणाले नाही. एवढा फरक आधी ध्यानात घ्या, मित्रांनो, आणि मग पुढचं ऐका.

नांदेडच्या एका कारागिरानं मला घडवलं. सागवानाचं अंग, पितळेचे सूर, पाठीला घड्यांचा भाता. एसटीच्या टपावर बसून मी आखाडा बाळापूरला उतरले आणि तिथून या शाळेत आले. शाळा एवढीशी! आठवी, नववी, दहावी, एक व्हरांडा आणि लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तीच आमची घंटा.

तेव्हा माझा काय थाट होता! माझ्याशिवाय प्रार्थना सुरूच व्हायची नाही. पुढं प्रार्थना स्पीकरवर वाजायला लागली आणि मला कपाटावर चढवलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला खाली घ्यायचे, हळदीकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि परत वर. अंगावर हळद आणि पोटात उंदीर! असला मान कुणाला हवाय?

मग सोमेश्वर सर आले. त्यांनी मला पुसलं, उंदरांना हाकललं आणि बुधवारी संगीताचा तास सुरू केला. वादविवाद स्पर्धाही त्यांनीच आणली. पहिल्या वर्षी वक्त्याची वेळ संपली म्हणून रूळ बडवला, तर अख्खी शाळा दप्तरं उचलून घरी पळाली! बोलणारा एकटाच उभा. मोबाइलचा टुंटुं मागच्या बाकापर्यंत पोचेना. तेव्हापासून वेळ दाखवायचं काम माझ्याकडं आलं. अडीच मिनिटांना एक सूर, तीन मिनिटांना दोन. दोन सूर झाले की भल्याभल्यांनी खाली बसायचं. मुख्याध्यापकांनीसुद्धा!

यंदाचा विषय मात्र माझ्याच जिवावर उठला. ‘संगीताच्या तासाऐवजी गणिताचा जादा तास असावा.’ मुख्याध्यापक माणिकराव सरांनी सांगूनच टाकलं, “जी बाजू जिंकंल, तसं वेळापत्रक.” म्हणजे संगीताची बाजू हरली तर मी परत कपाटावर. आणि कपाट यंदा भंगारात निघालेलं!

गणिताच्या बाजूनं दहावीचा रुद्र होता. तो बोलायला लागला की पोरं श्वास घ्यायला विसरतात. संगीताच्या बाजूनं कोण? नववीतल्या मिनानं हात वर केला. मिना तांड्यावरची. दरवर्षी स्वागतगीत तीच म्हणते.

माणिकराव सर म्हणाले, “तू आपलं गाणं म्हण, बाळा. तुझं बोलणं तांड्यावरचं. गाण्यात खपून जातं ते.”

“सर, गाण्यात खपतं ते बोलण्यात काहून खपत न्हाई?”

सरांनी पेन उघडलं. तिचं नाव यादीत गेलं.

स्पर्धेच्या दिवशी हट्टा गावच्या शाळेतून प्रियदर्शनी मॅडम परीक्षक म्हणून आल्या. सोमेश्वर सर संगीताचे, ते आपल्याच बाजूला जास्त वेळ देतील, असं म्हणून माणिकराव सर स्वतः माझ्यापुढं बसले. जन्मात त्यांनी पेटीला हात लावला नव्हता!

रुद्र दणक्यात बोलला. “संगीतानं पोट भरतं का? बोर्डाच्या पेपरात सारेगमला किती मार्क?” टाळ्याच टाळ्या.

मिना उभी राहिली. पहिल्याच वाक्याला मागून कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली. हशा पिकला. ती थांबली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, “हसून घ्या. हा श्वास कुठं घ्यायचा, ते मी संगीताच्या तासाला शिकले. म्हणून तर अजून उभी हाय.”

हशा बंद! आता ती रंगात आली. तेवढ्यात माणिकराव सरांनी अडीच मिनिटांचा सूर दाबला, पण केवढ्या जोरात! माझी काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, खाली गेली ती वर येईचना. मी लागले भोंऽऽऽ करायला. सरांना वाटलं, हवा मारली की पट्टी सुटेल. ते भाता हलवायला लागले. ते जितकी हवा भरतील तितकी मी मोठ्यानं ओरडतेय! खरं सांगू? मला मजा येत होती. भंगारात घालता काय? घ्या!

रुद्र ओरडला, “पेटी बी रडून राहिली!”

गणिताचे सर धावले, त्यांनी सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. आता तर मी एका वेळी सहा सुरांत ओरडू लागले. रुद्रनं मला पालथी घालायला बघितलं. मिना जागेवरून पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, “सर, भाता सोडा. हवा तर तुमीच भरून राहिले.”

सरांनी चटका बसल्यासारखा हात काढला. मिनानं नखानं काळी तीन अलगद वर उचलली. माझं भोंऽऽऽ बंद.

“सर, माझी तीस सेकंदं बाकी होती. ती द्या.”

माणिकराव सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, “दिली.”

मिना परत जागेवर गेली. “आत्ता सगळ्यांनी पेटीला हात लावला, पण ती काय म्हणती ते कुणीच ऐकलं न्हाई. संगीताच्या तासाला आमी ऐकायला शिकतो. आन् ऐकल्याबिगर वाद बी घालता येत न्हाई. माझं झालं.”

दोन सूर वाजायच्या आतच ती खाली बसली. वेळेच्या आधी!

बोलण्यात मॅडमनी पहिला नंबर रुद्रलाच दिला, खोटं कशाला बोलू? पण मुद्द्यांवर बाजू जिंकली मिनाची. संगीताचा बुधवार शाबूत राहिला. रुद्र नंतर तिच्याकडं आला. “हिंगोलीच्या स्पर्धेला तुझं ते ऐकायचं वाक्य वापरू दे की.”

“काहून? मी बी येऊन राहिले हिंगोलीला. माझं मीच म्हणंन.”

मित्रांनो, शेवटी माझी विनंती ऐका. खरं तर ताकीदच. माझी कीव करू नका, हार तर मुळीच घालू नका. मला वाजवा. चुकीचं वाजवा, पण वाजवा! आणि तुमच्या शाळेत कुणी एखाद्या पोरीला गप्प करायला पट्टी दाबलीच, तर घाबरून खाली बसू नका. आधी बघा, भात्यावर हात कुणाचा आहे.