नानांची पहिली घागर

नाना पौषात गेले, म्हणून या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. वर्षभरात घरातलं कुणी गेलं की आमच्याकडे आखाजीच्या दिवशी मातीची नवी घागर भरून ठेवतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात. पितर म्हणून कुणाला तरी जेवायला बसवतात, त्याला आधी त्या घागरीतलं पाणी देतात आणि देताना गेलेल्या माणसाचं नाव घेतात. ऊन तेव्हा ऐन भरात असतं. ज्याला कुणाला हे प्रथम सुचलं, त्याला मेलेल्या माणसाचीही तहान कळत असावी.

मी जळगावहून आदल्या दिवशी शिंदखेड्याला उतरले. माझा धाकटा भाऊ हितेंद्र मोटारसायकल घेऊन आला होता. घरापुढे गाडी लावताना म्हणाला, "अक्का, मायला समजाव. घागर विहिरीच्या पाण्याने भरायची म्हणते."

शेतातली ती विहीर नानांनी आणि त्यांच्या चुलतभावाने, लोटनकाकांनी, तरुणपणी खणलेली. गावात नळ आला तरी नाना तिचंच पाणी पीत. धुळ्याच्या दवाखान्यात होते तेव्हाही घरून तेच मागवत.

काही वर्षांपूर्वी शेताच्या वरच्या अंगाला कंपनी आली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत लागणारी काळी पावडर तिथे होते. बॅटऱ्या दुसरीकडे बनतात, गाड्या आणखी तिसरीकडे धावतात. विहिरीचं पाणी आधी जड लागायला लागलं, मग मचूळ, मग तोंडात धरवेना. नमुने नेले. एकांनी सांगितलं, पाणी पिण्यालायक नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, आहे. तिसऱ्यांच्या मते या भागातला खडकच खारा होता. तोवर कंपनीने घरोघर जारचं पाणी सुरू केलं होतं. नानांनी जारला हात लावला नाही. मग त्यांच्या किडन्या गेल्या. कशाने, हे आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय असेल, बीपी असेल, काहीही असू शकतं.

मी या विषयावर पुष्कळ वाचलं. या बॅटऱ्यांसाठी खणलेल्या दूरदेशीच्या खाणींबद्दल, आटलेल्या खाऱ्या तळ्यांबद्दल, तिथल्या माणसांबद्दल. जळगावात माझ्या शेजाऱ्यांकडे अशी बॅटरीवरची गाडी आहे. ती आवाज न करता येते, धूर सोडत नाही, आणि धूर नको हे मलाही पटतं. नानांच्या पलंगाशी बसले असताना यातलं काहीच कामाचं नव्हतं.

माय चुलीपुढे सांजोऱ्या तळत होती. माझ्याकडे बघत हितेंद्रला म्हणाली, "लई उना का वकील?"

"माय, घागरीत ते पाणी नको. एवढंच म्हणतोय मी."

"पेवाले तुना बापच येनार शे ना? त्यास्ले तेच लागे."

"अगं, ते पिऊनच तर..." हितेंद्र थांबला.

"बोल ना. कंपनीना माणूस शे तू. पानी खराब शे, म्हन एकदाव."

तो म्हणाला नाही. कंपनीत नोकरी लागल्यावरच त्याचं लग्न जमलं होतं. त्याची बायको मयुरी आखाजीला बोदवडला माहेरी गेली होती, आणि मी माझ्या माहेरी आले होते. मी म्हटलं, "माय म्हणते तसं करू." मला वाटलं, एवढं तरी तिच्या मनासारखं व्हावं.

संध्याकाळी हितेंद्रनेच विहिरीचं पाणी आणून कोरी घागर भिजत घातली.

सकाळी घागर पांढरी झाली होती. पाणी मातीतून झिरपून वाळलं आणि त्यातला क्षार बाहेर राहिला, तळापासून गळ्यापर्यंत. मायने ती ओल्या फडक्याने पुसली. मग आतलं पाणी बदलून ताजं भरलं, तेही विहिरीचंच. ऊन वर आलं तशी घागर पुन्हा पांढरी झाली. शेजारच्या सुंदरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"लताबाई, घागरले पावडर लावी का वं? नाना काय नवरदेव शेतस?"

माय हसली. पौषापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसत हसतच तिने पुन्हा फडकं घेतलं.

"कुठल्याही खाऱ्या पाण्याने असं होतं," हितेंद्र म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने नखाने तो क्षार खरवडला आणि अंगठ्यावर चोळला. मला हळूच म्हणाला, "आमच्याकडे असाच निघतो. गोण्या भरून."

"मग त्याचं काय करतात?"

"माहीत नाही अक्का. ट्रक येतात."

दुपारी लोटनकाका पितर म्हणून आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. जार सुरू झाल्यापासून त्यांनी विहिरीचं पाणी प्यायलेलं नव्हतं. पाटावर बसून त्यांनी घागरीकडे पाहिलं. मायने पेला भरून त्यांच्या हातात दिला.

"काका, नुसता ओठाला लावा," हितेंद्र म्हणाला.

"तुना बापनं पानी शे ते. ओठले काय लावनं?" लोटनकाकांनी पेला तोंडाशी नेला.

मायने त्यांचं मनगट धरलं. दिराच्या अंगाला ती कधी हात लावत नसे. पेला काढून घेताना पाणी पाटावर सांडलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "एकले पाजं, बस."

विहिरीवरून नानांसाठी पाणी रोज तीच आणत असे. पौषापासून ती हे मनात घेऊन बसली होती, आणि मी फोनवर रोज तिला जेवलीस का, एवढंच विचारत होते.

तिने घागर उचलून मोरीत रिकामी केली. हितेंद्रला म्हणाली, "जार आन."

त्याने ओट्यावरचा जार खांद्यावर घेतला आणि घागरीत उपडा केला. जारवर कंपनीचं नाव होतं. ते मायकडे येऊ नये म्हणून त्याने जार फिरवून धरला. घागर भरली. मायने डांगर ठेवलं, आंबे ठेवले, पेला भरून माझ्या हातात दिला.

"नाव तू घे. पानी कोनतं शे, ते बी सांग त्यास्ले. तू शिकेल शे, तुले जमी."

मी लोटनकाकांपुढे बसले. नानांना काय सांगायचं ते मला माहीत होतं. कसं सांगायचं, ते माहीत नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "पाणी भरलंय. प्या."

माय माझ्या मागे उभी होती. ती पुढचं ऐकायला थांबली. मी पेला लोटनकाकांच्या हातात दिला. ते उन्हातून आले होते. एका दमात प्यायले, तोंड पुसलं, आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"अजून दे वं," ते म्हणाले. "गोड शे."